संगीतानं माहेरची विहीर जागेवर आणली

सून गेली आणि सासरा मागे राहिला. हे बरोबर झालं नाही.

आमची संगीता परवा गेली. दुखणं बरेच महिने होतं, तुम्हाला माहीत आहे. त्यावर लिहीत नाही.

तिच्या नोकरीबद्दल लिहितो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटायचं, ती पुण्यात टायपिंग करते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही दौंडला, रेल्वे कॉलनीत. सर्व्हेचा डिप्लोमा झालेली सून आली आणि पुण्यात नकाशे करणाऱ्या एका ऑफिसात लागली. मुलाची ड्यूटी कधीही असायची, म्हणून संध्याकाळच्या गाडीवर तिला आणायला मीच जायचो. लेट झाली की जीव थाऱ्यावर नसायचा.

ती उतरून म्हणायची, "आबा, तुम्ही उभं राहिल्यानं गाडी लवकर येत न्हाई."

काम असं होतं. विमानातून काढलेले दोन फोटो आणि डोळ्याला काळा चष्मा. चष्मा लावला की स्क्रीनवर जमीन उभी राहायची. झाडं वर, विहिरी खोल.

एकदा मला ऑफिस दाखवायला नेलं. चष्मा लावला आणि मी टेबल घट्ट धरलं. वाटलं, पडलोच ओढ्यात. तिचे साहेबसुद्धा हसले.

घर, बांध, ओढा, विहीर. प्रत्येकाचा आकार कुणीतरी आधी घाईत काढलेला असायचा. संगीता तो दुरुस्त करायची. एकेक पॉइंट माऊसनं धरायचा आणि खऱ्या जागेवर ओढायचा.

मी सातवी शिकलेलो. मला कळेना, म्हणून तिनं खाटेवर उशी ठेवली, वर गोधडी टाकली आणि त्यावर सुतळी सोडली.

"रेघ अशी जमिनीला टेकली पाहिजे. हवेत राहिली तरी चूक, आत बुडाली तरी चूक."

मला काळजी तिच्या डोळ्यांची. रोज गाजरं आणायचो. खायची बिचारी.

मग एक दिवस तिच्याच माहेरचं गाव तिच्या कॉम्प्युटरवर आलं.

शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या कडेला. तिच्या वडिलांनी मेंढरं सोडून शेती धरली तेव्हा स्वतः विहीर खणली होती, चिंचेखाली. तिकडचा रस्ता रुंद व्हायचा होता, त्यासाठी हा नकाशा.

आधीच्या माणसानं चिंचेची सावलीच विहीर समजून गोल काढला होता. त्यामुळे कागदावर विहीर शेतात आत गेलेली, रस्त्यापासून लांब. खरी विहीर रस्त्याच्या अंगाला, फांद्यांखाली. दुसऱ्या फोटोत तिचा कठडा दिसत होता.

त्याच आठवड्यात तिचा थोरला भाऊ दत्तू आला, हुरड्याची पिशवी घेऊन. रस्त्याचं काय झालं विचारायला लागला. संगीताच्या पोटात काही राहायचं नाही. सांगून टाकलं.

दत्तू म्हणाला, "मग राहू दे की तशीच. लांब दिसली तर रस्त्यात जायची न्हाई. तू कुठं चुकवलीय? चुकवणारा चुकवून गेला."

"दादा, आता मला दिसलीय."

"दिसली तर डोळं झाक. बापाची विहीर हाय, संगे."

"म्हणून तर. कागदावर आत राहिली तर रस्ता खऱ्या विहिरीवरनं सरळ जाईल, आन् म्हणतील इथं विहीर नव्हतीच."

"म्हंजी आमाला बुडवून तू बढती घेणार."

मी मध्येच म्हणालो, "दत्तू, चहा घे." पॉइंट हलवला तर माहेर तुटणार. नाही हलवला आणि तपासणीत सापडलं तर नोकरी जाणार. मला दोन्हीकडून धडकी.

तो चहा न घेता गेला. हुरडा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सांगितलं, हे माझं माहेर आहे, काम दुसऱ्याला द्या. साहेब म्हणाले, तूच कर, मी तपासतो.

संध्याकाळी गाडीतून उतरली. पुलाच्या जिन्यावर तीच म्हणाली, "आणली आबा जागेवर. विहीर."

आणि रडली, सगळ्या पॅसेंजरांसमोर. मी तिची पर्स धरून उभा.

त्यानंतर दत्तूनं येणं सोडलं. दिवाळी नाही, फोन नाही. काही वर्षं गेली.

रस्ता झाला. विहीर गेलीच. पण मोजणीवाले आले तेव्हा नकाशात ती बरोबर जागेवर होती, म्हणून बदल्यात दुसरी पाडून मिळाली. दत्तूला हेलपाटे पुष्कळ झाले, पण मिळाली.

मग एका भाऊबिजेला दत्तू दारात. आत येईना.

"संगे, नवी विहीर तुझ्या मशिनीत दिसती का?"

"फोटो जुना हाय, दादा. विमान परत आलं की दिसंल."

"मग त्याला म्हणावं, औंदा पाणी चांगलं हाय तवर ये."

ती हसली तेव्हा तो आत आला. मी त्याला दोनदा विचारलं, जेवून जाणार ना?

परवा माहेरची साडी दत्तूनंच आणली. आमच्यात सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची असते.

माणसं पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आबा, मी येत नव्हतो तवा शिव्या घालत असंल मला."

मी म्हणालो, "शिव्या नाही रे. भाऊबिजेला तुझं ताट करायची. अंधार पडेपर्यंत वाट बघायची. मग अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची."

दत्तूनं डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडावर धरली.

संगीता, नीट जा बाळा. मागची काळजी मी करतो, तेवढं मला जमतं.