कडूजी आणि दुसरा डोस

माणसाशी बोलताना कडूजी माणसाकडे पाहत नसे. नजर जनावरावर आणि बोलणी मालकाला. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात, जनावरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा, होता. डॉक्टर बहुधा फिरतीवर असायचे, म्हणून गाठ त्याच्याशीच पडे. ‘कडू’ हे नाव त्याच्या तोंडावरून पडलं. ‘जी’ आम्ही सवयीनं लावायचो. मला तो पहिल्या भेटीपासून आवडला नाही.

माझ्या मुलीनं कुत्र्याचं महिन्याभराचं पिल्लू आणलं होतं. पोट टुमटुमीत, म्हणून नाव ढोल्या. खाल्लेलं अंगी लागतंय, या कौतुकात मी होतो. एक दिवस त्याच्या शीमध्ये शेवयांसारखे जंत दिसले, तेव्हा दवाखान्यात नेलं. कडूजीनं हिरड्या पाहिल्या.

“कायले आणलं आता? मेल्यावर आणाचं होतं.”

“अहो, ते घराबाहेर जात नाही. जंत येतील कुठून?”

“मायच्या पोटातून येते, मंग दुधातून. मास्तर आहा ना तुमी?”

रांगेतले लोक हसले. मुलगी माझ्यामागे लपली. वजन करून त्यानं औषध पाजलं. “पंधरा दिवसानं आणजा. एका डोसानं सारे मरत नाही.”

मी नेलं नाही. त्याचं तोंड पाहायचं नव्हतं, एवढंच कारण. महिन्याभरात ढोल्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. तो उठेना, आणि गेला. मी तडक दवाखाना गाठला आणि तुमच्याच औषधानं मेला म्हणालो. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“माह्यावरचा राग पिल्लावर काढला तुमी.”

त्याच दिवशी मी त्याच्या उद्धटपणाची लेखी तक्रार केली.

काही महिन्यांनी मुलीनं दुसरं पिल्लू आणलं. त्याच आठवड्यात कडूजी सायकलवरून फाटकात हजर. कोणी बोलावलं नव्हतं. पिल्लाला औषध पाजून तो मुलीला म्हणाला, “याची शी रोज उचलाची. हात धुतल्याबिगर जेवाचं नाही. हे जंत तुयाही पोटात जाते.” बायकोनं चहा विचारला. “चहा प्याले नाही आलो.” पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत तो दर पंधरा दिवसांनी आला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही, मीही नाही.

मग त्याची बदली देवरीकडे झाली. माझ्या तक्रारीमुळे, असं लोक म्हणत. मी खात्री करून घेतली नाही, निरोपालाही गेलो नाही. नंतर माफी मागायला म्हणून एकदा देवरीच्या बसमध्ये बसलो आणि मधेच उतरलो. आता तो तिथेही नाही. भेटलो असतो तर त्यानं खेकसून परत पाठवलं असतं, यात शंका नाही. तरी जायला हवं होतं.