एक ठोका म्हणजे हो
आईला पक्षाघात झाला तेव्हा ठोक्यांची युक्ती मीच घरी आणली. मी इंटरनेटच्या केबलवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये इंजिनियर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश जातो. तार धड असली की मशीन दर खेपेला सोळा खुणांतली एक पाठवतं. तार बिघडली की खुणा चारवर आणतं, मग तेवढ्याच वेळात मजकूर निम्माच जातो. म्हणजे कमी बोलायचं, पण पलीकडच्याची गफलत होऊ द्यायची नाही. शिवाय थोडा जास्तीचा मजकूर जोडतं, त्यावरून वाटेत झालेली चूक पलीकडचं मशीन आपली आपण सुधारून घेतं.

आईचे तर सगळेच शब्द सांडले होते. पाणी म्हणायला जायची, तोंडातून खुर्ची निघायचं, मग रडायची. म्हणून मी तिच्या खुणा दोनवर आणल्या. पलंगाच्या कडेवर बोटाचा एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. चूक राहू नये म्हणून तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचा. चहा हवा? चहा नको? बाबा फॅक्टरीत माल तपासायचे, त्यांना हे फार पटलं. घरातलं रडणं थांबलं, आणि खरं सांगते, मलाही हायसं वाटलं.

त्याच दिवसांत आमच्या शहरात गोहलपुरकडे रस्ता खोदताना आमची एक केबल दबली आणि मशीन चार खुणांवर उतरलं. केबल दुरुस्त झाली. तार सुधारली की मशीनने पुन्हा सोळा खुणांवर चढायचं असतं, त्यासाठीच तर ते घेतलंय. पण आमच्या साहेबांनी त्याला खालीच कुलूप लावून ठेवलं. स्क्रीनवर चुका शून्य, साहेब खूश. "चल रहा है ना, चलने दो." मी भांडले, ते हसले. अहो, चुका शून्यच दिसणार, निम्मंच बोलून राहिलोय आपण!

घरी तरी काय वेगळं होतं? थेरपीवाली दीदी सांगून गेली होती, आता यांना बोलतं करा, जमेल. बाबा ऐकेनात. "चुकली की रडते. काहून रडवायचं तिला?" म्हणायचे. त्यांचा जीव तुटतो हे मला दिसत होतं, तरी डोकं फिरायचं.

मग बाबांनी ठरवलं, कांचघर मोहल्ल्यातलं घर सोडून पुण्याला माझ्या भावाकडे जायचं. आईला रीतसर विचारलं. पुण्याला जायचं? एक ठोका. पुण्याला नाही जायचं? दोन ठोके. पक्कं झालं, म्हणाले, आणि खोकी आणली. ठोके देताना आईने मान वर केली नव्हती. मुकी बिचारी कुणीही हाका, दुसरं काय.

सामान जायच्या आदल्या दिवशी मी साहेबांशी पुन्हा भांडून घरी आले. बाबा आईच्या डब्यांच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होते. मी आईसमोर बसले.

"आई, पुण्याला जायचं, तर तुला काय वाटतं?"

बाबा लगेच म्हणाले, असं नको विचारू, आणि तिच्याकडे वळून, जायचं ना गं, असं विचारू लागले. मी त्यांना थांबवलं. आईचे ओठ हलले. खुर्ची, म्हणाली. मान हलवली. फॅक्टरी, म्हणाली. डोळे भरले, तेही तिने स्वतःच पुसले. बाबा तिच्याकडे निघाले तसा मी त्यांचा हात धरला, चांगला घट्ट धरला.

"मला... सांगून राहिले," आई म्हणाली, "का... विचारून?"

मला रडू फुटलं.  बाबा चिकटपट्टी हातात धरूनच जुन्या सवयीने वाकून म्हणाले, "म्हणजे जायचं नाही तुला? नाही ना?"

आईने पलंगाच्या कडेवरचा हात उचलला आणि शालीखाली घेतला.