थोरल्या घरची अक्षत

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेले दोन महिने वाचतोय. खरं सांगतो, निम्म्या वेळा हसूच आलं. माझं सगळं आयुष्य कोल्हापुरात मोटारी दुरुस्त करण्यात गेलं. गाडीतून आवाज येतो तेव्हा त्यात कोणी बसलेलं नसतं, कुठेतरी नट ढिला असतो — एवढंच माझं तत्त्वज्ञान. वाडीतल्या पिंपळाला घाबरणाऱ्या मित्रांची मी भरपूर टर उडवलेली आहे. तरीही एका गोष्टीतला ढिला नट मला अजून सापडलेला नाही... आता वय ब्याऐंशीच्या पुढे गेलं, म्हणून लिहून टाकतो.

साल १९६३, महिना चैत्र. मी एकवीस वर्षांचा, एका वर्कशॉपमध्ये नुकताच चिकटलेलो. आमचं मूळ गाव मालवणजवळचं तोंडवली. आज तो भाग सिंधुदुर्गात येतो, तेव्हा रत्नागिरी जिल्हाच होता. वडील, म्हणजे आमचे अण्णा, नोकरीसाठी कोल्हापूरला आले आणि इथेच राहिले. दोन वर्षांपूर्वी ते गेले होते. आता धाकट्या बहिणीचं, कुमुदचं लग्न ठरलं होतं आणि मुलाकडच्यांनी एकच अट घातली होती. कन्यादानाला वडिलांकडचं जोडपं बसलं पाहिजे. भावकीतलं कोणीच येणार नसेल तर, म्हणाले, आम्हाला विचार करावा लागेल.

वडिलांकडचं जोडपं एकच. तोंडवलीचे थोरले काका आणि काकी. आणि काका तेरा वर्षं आमच्या घराशी बोलत नव्हते.

कारण ऐकलंत तर हसाल. माझ्या मुंजीच्या वेळी अण्णांना रजा मिळेना, म्हणून त्यांनी आमंत्रणं टपालाने पाठवली. थोरल्या भावालासुद्धा एक पोस्टकार्ड. आमच्याकडे मंगलकार्याचं आमंत्रण म्हणजे घरच्या माणसाने दारात जाऊन हातावर अक्षत ठेवायची, आणि तीही थोरल्या घरात सगळ्यांत आधी. काकांना वाटलं, धाकटा शहरात जाऊन साहेब झाला, मला कार्डावर बोलावतो. अण्णांना वाटलं, एकदा रजा नाही मिळाली तर एवढं काय. दोघेही एकाच आईचे, त्यामुळे माघार कोणीच घेतली नाही. अण्णा गेल्याची तार केली तेव्हाही काका आले नाहीत.

आईने आपलं जुनं हिरवं इरकली लुगडं फाडलं आणि घरागणिक एक अशा अक्षतांच्या पुरचुंड्या बांधल्या. गाठ मारायची तिची एक पद्धत होती, एक टोक ओढलं की अलगद सुटायची. आई कुडाळची, घरात मालवणीच बोलायची. मला बजावून म्हणाली, "थोरल्या घराक आदी. त्येच्या आदी कोणाच्या हातार एक दाणो पडता नये. वाटेत सगळ्यांका भेट, जेव, पण अक्षत परत येताना."

एस.टी.ने जाता आलं असतं. पण मी नुकतीच एक जुनी सायकल विकत घेऊन स्वतः उघडून जोडली होती आणि ती जगाला दाखवायची खुमखुमी होती. निघालो. पहिली रात्र आजऱ्याला मित्राकडे काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी आंबोलीला पोहोचलो. तिथल्या चहावाल्याने माझे ब्रेक बघितले आणि चहाऐवजी आधी कोयता हातात घेतला. एक भली मोठी फांदी तोडून त्याने सायकलच्या मागे दोरीने बांधली. "हिका ओढत खाली जा, नायतर तुका शोधूक आमका दरीत उतरूचा लागतला," म्हणाला. अख्खा घाट मी ती फांदी फरफटत उतरलो. ब्रेक गरम झाले पण जळले नाहीत. मी स्वतःला मेकॅनिक म्हणवत होतो आणि ही साधी युक्ती मला माहीत नव्हती. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं, याची आजही चुटपुट लागते.

त्या संध्याकाळी सावंतवाडीला आत्याकडे. शकूआत्या, अण्णांच्या पाठची बहीण. पाय धुऊन होतायत तोवर तिने माझी पिशवी उचलली आणि उघड्या तोंडातून ते हिरवं कापड तिला दिसलं.

"ह्या वैनीचा लुगडा मा रे?" ती म्हणाली. मग हळूच, "माका अक्षत नाय?"

मी म्हटलं, "परत येताना देतो आत्या. आधी तोंडवलीला..."

ती चुलीपाशी जाऊन बसली आणि पदर डोळ्यांना लावला. "अण्णा होतो तवसर माका म्हायेर होता. आता तूय माज्यापासून अक्षत लपवन ठेवतस."

मला ते बघवलं नाही. एक पुरचुंडी काढून मी तिच्या हातावर ठेवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी पुसलं गेलं. पण आईने एकच नियम सांगितला होता आणि मी तो पहिल्याच घरात मोडला होता. आमच्या भागात बातमी पायीसुद्धा सायकलच्या आधी पोहोचते. काकांना कळलं तर कुमुदचं लग्न माझ्यामुळे मोडणार, या विचाराने मला नीट जेवणही गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला मामाकडे होतो. तिथे मात्र पिशवी खुंटीला टांगून ठेवली, उघडलीच नाही. मामाने सोलकढी वाढताना दहा वेळा विचारलं, काही बिनसलंय का. ही दुपार लक्षात ठेवा. त्या रात्री मालवणात अण्णांच्या एका मित्राकडे थांबलो आणि चौथ्या दिवशी सकाळी निघालो.

तेव्हा आतासारखे पूल नव्हते. खाडी आली की होडीने पलीकडे जायचं, त्या होडीला तर म्हणतात. सर्जेकोटकडून तळाशिलाला जाणाऱ्या तरीत मी सायकल आडवी टाकली. तरीवाला म्हातारा होता, पण वल्हं असं मारत होता की पाण्याचा आवाज येऊ नये. मशीनच्या आवाजावर पोट भरणाऱ्या मला त्या हातांचं फार कौतुक वाटलं. पलीकडे एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी आणि मधल्या वाळूतून सायकल ढकलत तोंडवली गाठलं.

काका पडवीत बसले होते. जन्मभर शाळेत शिकवलेले, त्यामुळे सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ताठ बसलेले. मी खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहून नाव सांगितलं. वाटेत पाठ केलेलं सगळं भाषण विसरलो होतो.

"ये," ते शांतपणे म्हणाले. "पाय धू आणि बस. तू येतलस ता म्हायत होता."

मला वाटलं, झालं. आत्याची बातमी पोहोचली. मी गडबडीने पुरचुंडी काढून त्यांच्या हातावर ठेवायला गेलो, तर त्यांनी हात पुढे केला नाही.

"अक्षत काल दोपारीच मिळाली," काका म्हणाले.

"कोणी दिली?"

"एक माणूस इललो. तुझी काकी मालवणाक बाजाराक गेलली, मी एकटोच होतंय. माका दिसता काय, एक पांढरो सदरो तेवढो दिसलो. आत ये म्हटलंय तर तो नको म्हणालो, पाय भिजलेहत. खळ्यातच उभो रवलो. माका म्हणालो, दादानू, पोरगो मागसून येता. वाटेत शकू रडली म्हणान तेणी तिका आदी अक्षत दिल्यान. तेच्यार राग धरू नकात. चेडवाक तुमीच उजवा, कन्यादान तुमीच करा."

मी मनात दिवस मोजले. आत्याकडची गोष्ट आदल्या संध्याकाळची, चुलीपाशी आम्ही दोघंच. आणि दुसऱ्या दुपारी, मी कुडाळला सोलकढी पीत असताना, ती तोंडवलीत पोहोचली होती. शिवाय गुरुजींना 'दादानू' म्हणणारी जगात दोनच माणसं. एक आत्या. दुसरे दोन वर्षांपूर्वी गेलेले.

"आवाज... ओळखीचा वाटला?" मी कसंबसं विचारलं.

काका उठले आणि भिंतीला हात लावत विहिरीकडे निघून गेले.

काकीने मला देवघरात नेलं. देवांपुढे एक पुरचुंडी होती. हिरवं इरकली कापड, आणि आईची गाठ. मी टोक ओढलं, अलगद सुटली. माझ्या पिशवीतल्या पुरचुंड्या मी पुन्हा बघितल्या. आत्याची सोडून सगळ्या जागच्या जागी होत्या.

"काल मी घराक इलंय तर हे मुठीत धरून बसलले," काकी हलक्या आवाजात म्हणाली. "रडत होते. चाळीस वर्सांत मी बघूक नव्हता. तार इली तेव्हा केस काढल्यानी, दर्यात बुडी मारल्यानी, धा दिवस जमनीर झोपले. पण कोल्लापुराक जाऊक पाय उचललो नाय. भांडणाक दुसरो माणूस उरलो नाय, मगे मिटवतलो कोणाकडे?"

मी जन्मात पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याकडे नीट बघितलं. तेरा वर्षं मी त्यांना हट्टी समजत होतो. हट्टी होतेच. पण दोन वर्षं ते दुःख एकट्याने उचलत होते आणि कोणाला त्याचा आवाज येऊ दिला नव्हता. जेवताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "आवशीक सांग, आमी दोगाय बसतलंव." मी पानावरच रडलो. काकीने आणखी भात वाढला.

माझं मेकॅनिकचं डोकं मात्र स्वस्थ बसेना. परतताना तरीवाल्याला विचारलं, परवा पांढऱ्या सदऱ्यातला कोणी परका माणूस नेला का? तो म्हणाला, नाय. अर्थात तोंडवलीला आचऱ्याकडून चालतही येता येतं, त्यामुळे हा पुरावा लंगडा आहे, मान्य. आत्याला विचारलं, तू कोणाला पाठवलंस? ती म्हणाली, "माज्या हातात अक्षत पडली, मी कित्याक कोणाक धाडू?" ती खोटं बोलणारी नव्हती. आणि बोलली असती तरी दुसरी पुरचुंडी तिच्याकडे कुठून आली असती?

उत्तर, किंवा उत्तराच्या जवळचं काहीतरी, घरी मिळालं. मी आईला सगळं सांगितलं. ती मला अण्णांच्या फोटोपाशी घेऊन गेली. मी निघालो त्या पहाटे, मला न सांगता, तिने एक पुरचुंडी जास्तीची बांधून त्या फोटोपुढे ठेवली होती. मुलीच्या बापालाही आमंत्रण पाहिजे म्हणून. दोन दिवसांनी बघते तर ती नव्हती.

"माका वाटला, उंदरान व्हेली," आई म्हणाली.

कोल्हापूरचे उंदीर हुशार असतील, पण तोंडवलीला अक्षत घेऊन जाण्याइतके नसावेत.

वैशाखात लग्न झालं. काका-काकी चार दिवस आधी आले. कन्यादानाच्या वेळी भटजी पाणी सोडायला सांगत होते आणि काकांना ताम्हन दिसत नव्हतं, तेव्हा काकीने त्यांचा हात धरून नेमका नेला. कुमुद उजवली गेली. मुलाकडच्यांनी काकांना वाकून नमस्कार केला. मांडवात त्यांच्यासारखा देखणा माणूस दुसरा नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

वऱ्हाड गेल्यावर काका म्हणाले, माका अण्णाकडे ने. मी त्यांना फोटोपुढे बसवलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड काढलं. माझ्या मुंजीचं. तेरा वर्षं पंचांगात जपून ठेवलेलं. ते त्यांनी चाचपडत फोटोच्या पायाशी ठेवलं.

मी धीर करून परत विचारलं, "काका, तो माणूस कोण होता?"

मी मागे म्हटलं तसं, माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनाने वाचेन. एका अधू डोळ्यांच्या म्हाताऱ्याला भास झाला म्हणाल, तर ती हिरवी पुरचुंडी समजावून सांगा. मी काकांचं उत्तर तेवढं जसंच्या तसं देतो.

ते फोटोकडे तोंड करून म्हणाले, "ह्या खेपेक कार्ड नाय धाडल्यान रे. स्वता इलो."