सुमाताईने न सांगितलेला निकाल

सुमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वखारीत एका बिल्डरशी सागवानावरून भांडत होतो. झोपेतच गेली, हृदय बंद पडलं. महिना झाला... माझं तिच्याशी असलेलं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही.

ती माझी मावसबहीण. मी विश्रांतवाडीत रस्त्याकडेला जुनी दारं-खिडक्या विकत लाकडाची वखार उभी केली. ती प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांमध्ये रमली. माझे वडील स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मला त्यांच्या वाटेने जायचं नव्हतं. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी ताईने याच कॅन्सरच्या अभ्यासासाठी माझं रक्त मागितलं, तेव्हा मी अट घातली, रक्त देतो, पण निकाल सांगायचा.

"त्याचा निकाल नसतो रे," ती म्हणाली आणि माझ्याच फळ्यांकडे बोट दाखवलं. "तू फळीवर खडूने खूण करतोस. लाकूड तेच राहतं, पण खूण बघून सुतार ती कापतो, नाहीतर बाजूला ठेवतो. डीएनएवरही मेथिल नावाच्या छोट्या रेणूगटाच्या अशा खुणा असतात. ज्यांना पुढे हा आजार होतो, त्यांच्या रक्तात त्या आधीपासून वेगळ्या असतात का, ते आम्ही शोधतोय. खूप माणसांची तुलना केली तर काही दिसेल. एकट्या तुझ्याबद्दल काय सांगणार?"

"मग माझ्या रक्तात काहीच दिसणार नाही?"

"सिगरेट दिसेल. तिच्या खुणा ठळक उमटतात. आणि ती हा धोका वाढवते, हे सांगायला मला तुझं रक्तसुद्धा नको."

दोन महिने मी तिच्याशी बोललो नाही. मग तिची ती एकमेव खात्रीची खूण पुसायची, या ईर्ष्येने सिगरेट सोडली. ताईच्या तोंडून कौतुकाचा शब्द नाही. आयुष्यभर घासाघीस केली, पण असा सौदा कुणी माझ्या गळ्यात मारला नव्हता... रक्त गेलं, सिगरेट गेली, निकाल नाहीच. तरी सकाळी वखारीचा जिना न थांबता चढतो, तेव्हा बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात तिच्या सहकारी बाईंनी दुसऱ्या नमुन्यासाठी बोलावलं. "या वेळी तरी निकाल?" मी विचारलं. "नाही हो काका." मी बाही वर केली. त्यांनी माझा जुना फॉर्म काढला. धूम्रपानाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'कधीतरी'. शेजारी ताईची पेन्सिल : 'खोटं. रोज दहा.' त्याखाली, नंतर कधीतरी शाईने लिहिलेलं : 'सोडली. हट्टी आहे, टिकवेल.'

हे तोंडावर सांगायला काय झालं होतं तिला...