बोलणं हाय का त्यांच्यात?

बीड जिल्ह्यात गेल्या तीस वर्षांत जेवढी लग्नं डोकी न फुटता पार पडली, त्यांचं श्रेय लोक पोलिसांना, पुढाऱ्यांना आणि कपिलधारच्या देवाला वाटून देतात. माझ्या मते ते जवळजवळ सगळं आमच्या छापखान्यातल्या चाचांचं आहे. बसस्टँडमागच्या गल्लीत एका छापखान्यात चाचा लग्नपत्रिका जुळवतात. पूर्वी शिशाचे खिळे जुळवायचे, पुढे संगणक आला तेव्हा तोही शिकले. कॉलेजच्या वार्षिकाची प्रुफं तपासायला मी तिथं जाऊ लागलो; आता निवृत्त झालोय, वार्षिकही बंद पडलंय, तरी चहापुरता जातोच.

परगावच्या वाचकाला सांगायला हवं की आमच्याकडच्या पत्रिकेत वधूवर दोन ओळींत आटोपतात. उरलेला कागद इतरांचा. निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक आणि तळाला ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ असं म्हणणारी, अजून बोलताही न येणारी मंडळी. ज्याचं नाव राहिलं तो लग्नाला येत नाही. ज्याचं खाली गेलं तो येतो, पण जेवत नाही. म्हणून गिऱ्हाइकानं नावांची यादी पुढं सरकवली की चाचा कागद, शाई, गणपती कसला हवा, यातलं काहीही विचारत नाहीत. ते दोन नावांवर बोट ठेवतात आणि म्हणतात, “बोलणं हाय का त्यांच्यात?”

“होतं की, चाचा.”

“कवापर्यंत?”

“दिवाळीपर्यंत.”

“मग मधी एक जावई घाला. जावई मऊ असतो.”

पत्रिका ते खालून वर वाचतात, कारण त्यांच्या मते भांडण नेहमी तळातून पेटतं. पेपरात आधी निधनाच्या बातम्या बघतात, म्हणजे कुणाच्या नावामागं ‘कै.’ लावायचं ते पक्कं होतं. एकदा त्यांच्या हातून एका धडधाकट गृहस्थाला ‘कै.’ लागलं. मी हादरलो, चाचा नाही. “त्येची माफी असती, सर. माणूस हसतो, चहा पाजतो. दोन नंबरवर टाकलं तर मात्र नातवापर्यंत ध्यानात ठेवतो.” एका लग्नाच्या यादीत एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पुढारी आले, तेव्हा चाचांनी एकाला ‘आशीर्वाद’ या मथळ्याखाली बसवलं आणि दुसऱ्याला ‘प्रेरणास्थान’ केलं. यातलं वरचं पद कोणतं, असं मी विचारलं. “त्येंला बी ठाऊक न्हाई,” चाचा म्हणाले, “म्हणून तर दोघं गप हायेत.”

माझ्या मुलीच्या पत्रिकेत त्यांनी माझ्या चुलतभावाचं नाव मला न विचारता घातलं. आमचं बोलणं बारा वर्षं बंद होतं. मी तणतणत गेलो. चाचांनी मान वर केली नाही. “छापलंय. येतील. जेवतील. मग बघू.” भाऊ आला, जेवला, आणि संध्याकाळी मांडव उतरवायलाही थांबला. चाचा मात्र आले नव्हते. स्वतः छापलेल्या लग्नाला ते कधीच जात नसत. “मांडवात गेलं की लोक पत्रिका घेऊन माझ्याकडंच येतात.”

गेल्या वर्षी मालकांची सूनबाई पुण्याहून संगणकाचं शिक्षण घेऊन आली आणि तिच्यामागोमाग छापखान्यात एआय आलं. मुलगी शहाणी होती. तिनं ते कामासाठी आणलं होतं. समारंभ केला मालकांनी. संगणकाला हार घातला, नारळ फोडला, ‘जिल्ह्यातील पहिली एआय पत्रिका’ असा बोर्ड लावला. प्रमुख पाहुण्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेमुळं कुणाचीही नोकरी जाणार नाही, असं अर्धा तास सांगितलं. त्या अर्ध्या तासात ते ज्या खुर्चीवर टेकून पाणी पीत होते, ती चाचांची होती. समारंभानंतर ती जागेवर परत आली नाही. चाचांना ओट्यावर स्टूल मिळालं आणि पत्रिकांचे गठ्ठे बांधायचं काम. “एवढा हंगाम काढा चाचा, मग घरी आराम करा,” मालक म्हणाले.

“आराम जमत न्हाई, मालक. शिकलोच न्हाई,” चाचा म्हणाले आणि सुतळी दातानं तोडली.

पहिली एआय पत्रिका चौसाळ्याच्या एका घरातली होती. सूनबाईनं यादी दिली, नावं व्यवस्थित लाव म्हणून सांगितलं, आणि चहा येईपर्यंत पत्रिका तयार. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. मी मास्तर असून मला काढता आली नाही. चौथ्या दिवशी मुलीचे वडील छापखान्यात आले, तेव्हा त्यांचा चेहरा बघून मालक आत गेले.

मशीननं व्यवस्थित म्हणजे अकारविल्हे लावली होती. त्यामुळं आष्टीचे धाकटे मामा सगळ्यांच्या डोक्यावर, आणि थोरले मामा तळाला, मंडपवाल्याच्याही खाली. मुलीचे कैलासवासी आजोबा ‘स्वागतोत्सुक’ होऊन मांडवाच्या दारात उभे. आमच्याकडं मुलीला मांडवात मामानं आणायचं असतं, आणि तो मान थोरल्यांचा. थोरल्यांनी निरोप धाडला होता: “पोरीला आणायला तुमच्या कम्प्युटरलाच सांगा.”

वडील मालकांना शोधत आत गेले नाहीत. ओट्यावर चाचांसमोर बसले. “चाचा, तुमी कावून बघितली न्हाई?”

दुसरा कुणी असता तर या प्रश्नावरचा टोमणा महिनाभर तयार ठेवून बसला असता. चाचांनी फक्त पत्रिका उलटी धरून खालून वर वाचली. “दोघा मामांत बोलणं हाय का?”

“न्हाई. बांधावरून मोडलंय. आता थोरल्याला वर घेतलं तर धाकटा बसंल रुसून.”

चाचा उठले, आत गेले, सूनबाईशेजारी स्टूल ठेवलं. “बेटा, त्याला सांग, समदी नावं गोल मांड. मधी गणपती. आजोबा गणपतीच्या पायाशी, तिथून त्यांना कुणी उठवत न्हाई.”

मशीननं डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरेख गोल काढला. वडील बघत राहिले. “पण चाचा, गोलात पयला कोण?”

“ज्याच्या हातात पत्रिका द्याल, त्याचं नाव वर धरून द्या.”

मग सूनबाई म्हणाली, “एवढं हुशार मशीन, त्याला हे का नाही सुचलं?”

“हुशार लई हाय, बेटा,” चाचा मायेनं म्हणाले. “पण बिचाऱ्याला नातेवाईक न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी खुर्ची जागेवर आली. मालकांनी ती स्वतः उचलून आणली, आणि समारंभ केला नाही.

नव्या पत्रिका छापून झाल्या तेव्हा वडिलांनी पहिली चाचांच्याच हातात ठेवली. चाचांनी बघितलं आणि चष्मा काढला. वरच्या टोकाला चाचांचं पूर्ण नाव होतं, त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या नावासकट. इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदाच कळलं. आम्ही सगळे चाचाच म्हणत आलो.

“हे प्रुफ कुणी बघितलं?”

“मी,” सूनबाई म्हणाली.

“मला कावून दाखवलं न्हाई?”

“तुम्ही खोडलं असतं.”

त्या लग्नाला चाचा गेले. दोन्ही मामांनी एकमेकांकडं न बघता मुलीला दोन्ही बाजूंनी धरून मांडवात आणलं. चाचा दोनदा जेवले.

आता ते सूनबाईशेजारी बसून जिल्ह्याची भांडणं मशीनला सांगतात आणि ती टाइप करते. सगळंच सांगून टाकलंत तर तुमचं काय, असं मी विचारलं. “सांगू द्या, सर. रोज नवी निघतात. मशीनच दमंल.” पण परवा एका पोरानं लग्नाचं आमंत्रण मोबाइलवर दाखवलं: दोन नावं, एक नकाशा, बास. चाचांनी ते खालून वर वाचलं, त्याला फार वेळ लागला नाही. “इतक्या कमी माणसांत रुसायचं कुणी?” ते म्हणाले आणि पोराला मोबाइल परत दिला.

चौसाळ्याची ती गोल पत्रिका माझ्या टेबलावर काचेखाली आहे. सूनबाईनं गोलात माझंही नाव घातलं होतं, आणि वडिलांनी मला पत्रिका दिली तेव्हा तेच वर होतं. घरी आल्यावर मी ती फिरवून ठेवली. आता वर चाचा आहेत.