माजघर मावेल अशी काच

आमचं फोटोचं दुकान सांगलीत होतं. पाटीवर नाव मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. पण गोषातल्या बायकांचे फोटो मी काढायची. मुसलमान व्यापाऱ्यांच्या घरच्या, पाटलांच्या घरच्या बायका परक्या पुरुषासमोर बसत नसत. सुरुवातीला मालक कॅमेरा लावून द्यायचे आणि बाहेर थांबायचे. पुढं तेही माझ्याकडं आलं. काळ्या कापडाखाली डोकं घालायचं आणि मागच्या दुधी काचेवर चित्र बघायचं. ते उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर. पहिले दोन महिने मला गरगरायचं. मग डोळा बसला, आणि मालकांपेक्षा चांगला बसला. हे मी आजच म्हणते असं नाही, तेव्हाही म्हणत होते.

लढाई संपून वर्ष झालं होतं. कुंडलच्या एका सुभेदाराचं पत्र आलं. पलटणीत जाताना त्याचा फोटो आम्हीच काढला होता. आता त्याची पेन्शन जवळ आली होती आणि पोरांच्या शाळेसाठी त्याला साताऱ्यात घर घ्यायचं होतं. एक वकील पुण्याला मुलाकडं जाणार म्हणून घर विकत होते. सुभेदार बायकोसकट लांब उत्तरेत छावणीत, रजा मिळत नव्हती. कुंडलला थोरला भाऊ होता, पण त्याचं एकच पालुपद, घर कशाला, रान घे. त्याच्या सांगण्यावर सुभेदाराचा भरवसा नव्हता. वकिलांना दुसरं गिऱ्हाईकही होतं, म्हणून निकाल लवकर द्यायचा होता. आतून घर कसं आहे ते फोटोवरून बघून तो वीस-बावीस वर्षांची नोकरी त्या घरात घालणार होता.

पत्रात त्यानं लिहिलं होतं, "वकील फुटात माप सांगतात. फूट मला कळतात, पण त्यावरून घर डोळ्यांपुढं येत नाही. आमच्यात कार्याला माणूस किती येतं ते आपणास ठाऊक आहे. माजघरात एका पंगतीला किती पानं बसतात ते फोटोत दिसलं पाहिजे."

मला हे पटलं. घर मोजायचं तर असंच मोजावं.

अडचण कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेची, म्हणजे लेन्सची होती. आमची लेन्स आठ इंची, माणसांच्या फोटोची. तिनं खोलीचा फोटो काढला तर एक कोनाडा आणि अर्धी खिडकी येते. रुंद बघणारी लेन्स पाहिजे होती. लढाईत परदेशी माल यायचा बंद झाला होता, म्हणून आम्ही कोल्हापूरला जुनं सामान विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडं गेलो. त्यानं दोन लेन्स पुढं ठेवल्या, एक पाच इंची, एक साडेतीन इंची. यात इंच जितके कमी तितकं जास्त दिसतं, उलटा कारभार आहे.

मी विचारलं, "हिच्यात पानं किती बसतील?"

व्यापारी मालकांकडं बघून म्हणाला, "वैनीस्नी सांगा, ही लेन्स हाय, पानाचा डबा न्हवं."

दुकानातली माणसं हसली. मालकही हसले, ते मला जास्त लागलं. मी म्हटलं, "जेवायची पानं म्हणतीया मी. तुमाला नसंल सांगता येत तर दोनी द्या, आमी मोजून आणतो."

एकच घेणं परवडणार होतं. त्यानं आठ दिवसांच्या बोलीवर दोन्ही दिल्या.

रेल्वेनं सातारा रोड स्टेशन आणि तिथून मोटारीनं सातारा. वकिलांचं माजघर लांबट, एका भिंतीला दोन खिडक्या. मी वकिलांकडून त्यांचे सगळे पाट मागून घेतले आणि पंगतीला मांडतात तसे भिंतीलगत मांडले, मध्ये अंतर नेहमीचं. आठ ऐसपैस बसले, नववा भिंतीला टेकून.

वकील म्हणाले, "अहो बाई, घराचा फोटो काढताय की मुंजीचा?"

"घेणाऱ्यानं मागितलाय तसा काढतीया," मी म्हटलं.

आधी साडेतीन इंची लावली. समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी सगळं माजघर आत आलं. दुधी काचेवर उजेड इतका कमी की कडा दिसेनात. मग पलीकडच्या कोपऱ्यात कंदील लावून ठेवला आणि त्याच्या ज्योतीवर नजर धरून चित्र साफ केलं. मालक खूश. वकिलांनाही कापडाखाली घातलं. ते आतूनच ओरडले, "अरे वा! उलटं असूनसुद्धा केवढं दिसतंय! हे माझंच ना?"

मी नंतर बघितलं. मधले पाट पाटासारखे होते. कडेचे दोन मात्र ताणले होते, शेवटचा तर बाकड्याएवढा. माजघर नाटकगृहासारखं लांब गेलं होतं.

मी म्हटलं, "मालक, ही काच पाट वडती."

"वडू दे की. सगळं मावतंय न्हवं?"

"त्या शेवटच्या पाटावर दोन माणसं बसतील."

"नऊच पाट हायत. त्याला मोजता येत न्हाई व्हय? काच कुठं खोटं बोलतीया?"

आम्ही तशीच प्लेट घेतली, म्हणजे फोटो काढला. मग मी पाच इंची लावली. तिच्यात सातच पाट आले. मालक म्हणाले, "बघ. दोन पावनं उपाशी."

मागं सरायला जागा नव्हती. समोर स्वयंपाकघराचं दार होतं, पण उघडलं तरी त्याची फळी आडवी येत होती. मी वकिलांना म्हटलं, "हे दार काढा."

"घर विकायचंय, मोडायचं नाही."

"बिजागरीतनं काढा, परत लावून देतो."

वकिलांनी कपाळाला हात लावला, पण गड्याला हाक मारली. दार निघालं. कॅमेरा चुलीपर्यंत मागं नेला आणि मोकळ्या दारातून बघितलं. नऊ पाट, पहिला आणि शेवटचा सारखा. माजघर जेवढं होतं तेवढंच दिसत होतं, म्हणजे बेताचं. वकिलांनी आत बघितलं आणि कापड खाली सोडलं. मी फोटो घेतला.

सांगलीला येऊन दोन्ही फोटो छापले. मालकांना साडेतीनचा पाठवायचा होता. ते म्हणाले, "घर खपलं तर वकील चार ठिकाणी आपलं नाव सांगतील. पाचवाला बघून कोण घर घेणार?"

मी म्हटलं, "फोटो कुणी मागितला? वकिलानं का सुभेदारानं? त्यो तिथनं बघायला येणार न्हाई. तुमच्या फोटोवर जन्माची कमाई टाकणार, आनि मग कार्यादिवशी सोयरी उंबऱ्याभाईर जेवणार. तवा त्यो वकिलाला शिव्या देणार न्हाई, आपल्याला देईल."

दोन दिवस दोन्ही फोटो तसेच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी पाच इंचीचा फोटो मीच पाकिटात घालून टपालात टाकला. पाच इंची ठेवून घेतली आणि साडेतीन इंची लेन्स मालकांनी व्यापाऱ्याला परत केली. ती परत करताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

महिन्यानं उत्तर आलं. दोनच ओळी. घर लहान पडतं, नको. फोटोबद्दल आभार.

वकिलांचा सणसणीत कागद आला तो वेगळा. मालक म्हणाले, "झालं समाधान? आता ही पाच इंची उरावर घे."  पण मला वाईट वाटलं नाही, उगाच कशाला खोटं लिहू.

सुभेदार पुढं रजेवर आला. दुकानात शिरला तो बूट वाजवतच. मालकांना वाटलं, पैसे परत मागायला आलाय. तो म्हणाला, "परवा साताऱ्याला जाऊन आलो. ते घर इकलं दुसऱ्याला, पर नव्या मालकाला सांगून आत गेलो. म्हटलं, फोटोनं आपल्याला फशिवलं का काय, चांगलं घर हातचं गेलं का काय. मोजून बघितलं. आठ माणसं नीट, नववा अंग चोरून. फोटोत बरुबर तेवढंच हुतं. कुणी काढला ह्यो?"

मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "काच हिनं निवडली. दार पण हिनंच काढाय लावलं."

हे त्यांनी परक्या माणसापुढं सांगितलं. आमच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

सुभेदार म्हणाला, "आवं वैनी, तासगावला एक घर हाय. मला पुन्हा पलटणीत जायचं हाय, बघायला सवड न्हाई. तुमी काढा. तुमच्या फोटोत बसलं तर घेतो."

मी गेले आणि माजघर, सोपा, परसदार सगळं काढलं. तिथं पंधरा पाट बसले. सुभेदारानं ते घर घेतलं. छापलेल्या फोटोंच्या मागं मालकांनी दुकानाचा शिक्का मारला. मी टाक घेतला आणि शिक्क्याखाली माझं नाव लिहिलं. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर चांगलं आहे.