क्लचमुळे मिळालेली स्कॉलरशिप

मुलगी सतरा वर्षांची असताना तिच्या शाळेने तिचं नाव एका स्कॉलरशिपसाठी पाठवलं. इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलांना लंडनमधली एक जुनी संस्था ती देते. मार्क उत्तम हवेत, शिवाय एक निबंध हवा. विषय ठरलेला: मी मात केलेली एक अडचण.

"बाबा, माझ्या आयुष्यात काहीच वाईट झाला नाही," ती म्हणाली. साउथहॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या मुलीचं मराठी, त्यामुळे नपुंसकलिंगाशी तिचं फारसं जमत नाही. पण सुरातली तक्रार स्पष्ट होती. अडचणी पुरवणं हे आईबापांचं काम, आणि त्यात आम्ही कमी पडलो होतो.

"माझी मायग्रेन घे," बायको म्हणाली.

"ती तुझी आहे, आई."

"पण त्रास सगळ्या घराला होतो ना?"

मी हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. दिवसभर एक्स-रे काढताना लोकांना "श्वास रोखून धरा" असं सांगतो. घरात सहसा कुणाला काही सांगायला जात नाही. पण त्या रविवारी मुलगी पोहायला गेली आणि मी तिच्या लॅपटॉपवर बसून माझ्या अडचणीवर निबंध लिहिला.

माझे वडील विदर्भातल्या एका शाळेत शिपाई होते आणि मी त्याच शाळेत शिकत होतो. सातवीच्या स्कॉलरशिप परीक्षेचं केंद्रही तिथेच आलं. बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात माझे बरेच प्रश्न राहिले होते. वेळ संपली तेव्हा मी वर पाहिलं. वडील व्हरांड्यात घंटेखाली हातोडा हातात धरून उभे होते. ते खिडकीतून माझ्याकडे बघत होते, आणि टोल काही देत नव्हते. दोन मिनिटं, कदाचित तीन. मी खाली मान घालून लिहीत राहिलो. मग हेडमास्तर आपल्या खोलीतून बाहेर आले आणि वडिलांनी टोल दिला. घरी येताना आम्ही त्याबद्दल बोललो नाही. पुढेही कधी बोललो नाही. ते आता नाहीत.

मला स्कॉलरशिप मिळाली नाही.

मुलीने ओल्या केसांनी उभ्याउभ्याच ते सगळं वाचलं. मला वाटलं, चिडणार.

"हे खरं आहे?"

"हो."

"आईला माहितीये?"

"नाही."

तिने टॉवेलने केस पुसले. मग म्हणाली, "पण बाबा, घंटा उशिरा वाजली तर सगळ्यांनाच एक्स्ट्रा टाइम मिळाला ना. तुला काय फायदा?"

इतक्या वर्षांत हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. वडिलांच्याही आला नसावा.

"मी हे नाही पाठवू शकत," ती म्हणाली. "हे तुझं आणि आजोबांचं आहे." फाइल मात्र तिने डिलीट केली नाही, माझ्या नावाने वेगळी ठेवली. तिच्या त्या शेवटच्या वाक्यातलं नपुंसकलिंग अगदी बरोबर होतं, हे मला फार नंतर जाणवलं.

तिने निबंध लिहिला तो ड्रायव्हिंग टेस्टवर. तीन वेळा ती नापास झाली होती, तिन्ही वेळा चढावर क्लच चुकून गाडी बंद पडल्यामुळे. मी म्हटलं, "हुशारीच्या स्कॉलरशिपला नापास झाल्याचं कळवायचं?" ती म्हणाली, "खरं आहे ना?"

मुलाखतीला आम्ही तिघंही ट्रेनने लंडनला गेलो. बाहेरच्या खोलीत लंडनच्याच स्टॅनमोर भागातले एक गृहस्थ मुलाच्या सर्टिफिकेटांचं जाड फोल्डर मांडीवर घेऊन बसले होते. पियानो, बुद्धिबळ, प्रथमोपचार. त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीचं काय?"

"ड्रायव्हिंग," बायको म्हणाली.

"अरे वा," ते म्हणाले आणि फोल्डर बंद केलं.

अर्ध्या तासाने मुलगी बाहेर आली.

"काय विचारलं?"

"क्लच."

"आणि?"

"फक्त क्लच. बोर्डवर ड्रॉइंग काढायला लावली. एक म्हातारी बाई होती, ती म्हणाली तिची गाडी पण तिथेच बंद पडते."

तीन आठवड्यांनी ईमेल आली. स्कॉलरशिप मिळाली होती. बायको रडली. मी ईमेल पुन्हा वाचली, कारण नकारही हे लोक फार गोड शब्दांत देतात.

समारंभाला आम्ही चौथ्या रांगेत बसलो. व्यासपीठावरच्या गृहस्थांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली. मध्येच त्यांनी एक नाव घेतलं, बहुधा पोलिश. कुणी उठलं नाही. त्यांनी तेच नाव पुन्हा, अधिक जोर लावून घेतलं. आम्ही दोघं मान वळवून त्या बिचाऱ्या मुलीला शोधू लागलो. बायको कुजबुजली, "कसे आईबाप असतात, वेळेवर आणतसुद्धा नाहीत."

"आई, मला वाटतं ती मी आहे," मुलगी म्हणाली आणि उठून गेली.

टाळ्या सुरू झाल्या. आमच्या थोड्या उशिरा पडल्या. ती पायऱ्या चढली, त्या गृहस्थांशी हस्तांदोलन केलं आणि त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. ते लाल झाले, माइककडे वळले आणि तिचं नाव पुन्हा सावकाश, जवळजवळ बरोबर उच्चारलं. माझ्या वडिलांचं आडनाव त्या सभागृहात झुंबराखाली तिसऱ्यांदा घेतलं गेलं. आता मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. मागच्या बाईंना काही दिसत नव्हतं, तसं त्यांनी दोनदा सांगितलंही.